जुना गेमिंग पीसी: आधी अडलंय कुठे ते बघा

चौथ्या पिढीचा आय५ असलेला, २०१३-१४ सालचा पीसी घरी असेल, तर साठवलेले पैसे घेऊन थेट ग्राफिक्स कार्डाच्या दुकानात धावू नका. आधी एक फुकटची चाचणी करा. व्ही-सिंक बंद करून गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस चांगला वाढला, तर कार्ड कमी पडतंय. जवळजवळ तेवढाच राहिला, तर प्रोसेसर अडवतोय. मग महागडं कार्ड घालूनही फरक फारसा दिसणार नाही. अशा वेळी त्याच सॉकेटचा आय७-४७७० सेकंडहँड बघा. कोअर चारच, पण थ्रेड आठ, आणि सहसा मदरबोर्ड बदलावा लागत नाही. कार्डच घ्यायचं असेल तर पॉवर सप्लाय आधी तपासा. बिननावाचा स्वस्त सप्लाय जळताना नवं कार्डही जाळू शकतो.