विचारांशी वाद घालायचा की आधी पाऊल टाकायचं?

मराठी वाचकाला मानसोपचारांची ओळख बहुधा अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ मानसोपचारातून होते. मुंबईचे कि. मो. फडके आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो आपल्याकडे रुजवला. काम मोठंच झालं. पण त्यामुळे ‘वर्तनोपचार म्हणजे अविवेकी विचार पकडायचा आणि त्याला खोडून काढायचं’ अशी एक समजूतही घट्ट झाली. ती अर्धीच खरी आहे.

गैरसमज: वर्तनोपचाराच्या सगळ्या पद्धती एकच, फक्त नावं निराळी.

साहेबांनी सकाळी आपल्या नमस्काराकडे लक्षच दिलं नाही, आणि दिवसभर जीव खाली-वर होत राहिला. यावर एलिसच्या पठडीतला उपचारक म्हणेल, ‘समजा, ते खरंच नाराज आहेत. मग? सगळ्यांना मी आवडलोच पाहिजे, हा हट्ट का?’ एलिसने ही पद्धत १९५५च्या सुमारास मांडली. साठच्या दशकात फिलाडेल्फियात ॲरन बेकने घेतलेली वाट वेगळी. तो अंदाजच तपासायला लावतो: ते नाराज आहेत याला पुरावा काय? दुसरं कारण असू शकतं का? विचारून पाहिलंत? आणि वर्तनावर भर देणारा उपचारक विचारेल, ‘त्यानंतर तुम्ही काय केलंत?’ उत्तर बहुधा असं: डबा एकट्याने खाल्ला, मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. त्याचं काम तिथून सुरू होतं. प्रसंग तोच, पण एकाने हट्टावर बोट ठेवलं, दुसऱ्याने अंदाजावर, तिसऱ्याने टाळाटाळीवर.

गैरसमज: आधी मन ताळ्यावर यायला हवं, मग माणूस कामाला लागेल.

घरोघरी नैराश्यग्रस्त माणसाबद्दल हेच बोललं जातं आणि मला तरी सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होताना दिसतं. पीटर लेविनसनने सत्तरच्या दशकात उलटं मांडलं. माणूस आक्रसत जातो, तसे समाधान देणारे प्रसंग आटतात आणि नैराश्य आणखी दाट होतं. म्हणून सुरुवात कृतीपासून करायची. उत्साहाची वाट बघायची नाही. १९९६मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी बेकची संपूर्ण पद्धत आणि तिच्यातला फक्त कृतीचा भाग यांची तुलना केली. निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. विचारांची चिरफाड न करताही माणसं तितकीच सुधारली होती.

याचा मोठा पडताळा गोव्यात झाला. ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर अभ्यास केला. तो २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सत्रं फक्त सहा ते आठ, आणि ती घेणारे समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, या कामापुरतं प्रशिक्षण दिलेले. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. थोड्या सुधारित नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

‘कशात तरी मन रमव’ हा मावशीचा सल्ला मात्र वेगळा. इथे दिवसाची नोंद ठेवतात, कोणत्या वेळी काय टाळलं आणि टाळल्याने घटकाभर कोणती सुटका मिळाली हे पाहतात, आणि मग अंगणापर्यंत जाण्याइतकं छोटं काम ठरवतात.

गैरसमज: मंत्रचळ असलेल्याला नीट समजावलं की पटतं.

पुन्हापुन्हा हात धुणाऱ्याला ते स्वच्छ आहेत हे बहुधा ठाऊक असतंच. ‘अरे, झाले स्वच्छ!’ असं घरच्यांनी दहादा सांगितलं, की धुण्यासारखाच तो दिलासाही त्या चाळ्याचा भाग होतो. विचारांशी वाद घालणंसुद्धा इथे उलटू शकतं. व्हिक्टर मेयरने १९६६मध्ये लंडनमध्ये दुसरा मार्ग दाखवला: भीती वाटते ती वस्तू हाताळायची आणि धुण्याची क्रिया मात्र रोखायची. आज मंत्रचळावरच्या मानसोपचारांत हीच पद्धत पुढे आहे.

यात जबरदस्ती असते, हीदेखील चुकीची समजूत. पायऱ्या दोघांनी मिळून ठरवायच्या असतात. जोसेफ वोल्पेने १९५८मध्ये भीती घालवण्याची आपली पद्धत मांडताना प्रत्येक पायरीला अंग सैल सोडण्याची जोड दिली होती. पुढच्या अभ्यासांत ती जोड अनिवार्य नसल्याचं दिसलं. भीतीला सामोरं जाणं हाच गाभा.

गैरसमज: लक्षण दाबलं की दुसरीकडून उफाळतं.

मनोविश्लेषकांनी हा इशारा दिला होता. पण एक भीती गेली म्हणून तिच्या जागी दुसरी येतेच, असं अभ्यासांत दिसलं नाही.

गोळ्या आणि हे उपचार एकत्र चालतात. तीव्र आजारात अनेकदा चालवावेच लागतात. आणि पद्धत निवडायची तर पहिल्या भेटीत दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: माझ्या त्रासासाठी हीच पद्धत का, आणि पुढच्या आठवड्यात मी घरी नेमकं काय करायचं? दुसऱ्याचं उत्तर ‘विचार करा’ एवढंच आलं, तर तिसरा प्रश्न जरूर विचारा: करायचं काय?