न्हाणीघरातील शॉवर, गीझर आणि पाण्याचा दाब

शहापूर-मुरबाड भागातील आपले पुष्कळ समाजबांधव मुंबईच्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी स्लॅबचे घर बांधतात. काहींना रमाई आवास योजनेतून घरकुल मिळाले आहे. मोरीच्या जागी न्हाणीघर आले, बंब माळ्यावर गेला आणि शॉवर हवासा वाटू लागला. यात गैर काहीच नाही. मात्र दुकानातला चकचकीतपणा पाहून खरेदी होते आणि घरी बसविल्यावर थेंब थेंब पाणी गळते. म्हणून आधी टाकीची उंची मोजावी, मग गीझर ठरवावा आणि शॉवर सर्वांत शेवटी घ्यावा, असे आमचे मत आहे.

पाण्याचा दाब टाकी किती मोठी यावर नसतो, ती किती उंच यावर असतो. ३३ फूट उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. एकमजली घरात टाकी स्लॅबवरच टेकवलेली असते आणि शॉवर सात फुटांवर. मधले अंतर जेमतेम चार-पाच फूट, म्हणजे दाब एक किलोच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. टाकीखाली सहा फुटांचे स्टँड दिले तर तो दुपटीहून अधिक होतो. पण भरलेल्या हजार लिटरच्या टाकीचे वजन एक टन असते, तेव्हा स्टँड भिंतीच्या किंवा बीमच्या माथ्यावरच घ्यावे.

विलायतेत थेट नळाच्या दाबावर चालणारे बॉयलर घरोघर असतात. आपल्याकडे त्यांच्या जवळचा म्हणजे गॅस गीझर. पाण्याच्या दाबाने त्याच्या आतला पडदा ढकलला गेला तरच गॅस सुटतो व ठिणगी पडते. लागणारा किमान दाब पेटीवर छापलेला असतो. तो ०.३ असेल तर दहा फूट उंची हवी, नाहीतर गीझर पेटणारच नाही.

याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. बंद न्हाणीघरात गॅस जळला की हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस गुंगी येऊन पडतो आणि दाराला आतून कडी असते. अशा घटना थंडीच्या दिवसांत महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. गॅस गीझर व सिलिंडर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत ठेवावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणावा. प्लंबर आतच सोपे पडते म्हणाला तरी ऐकू नये.

कमी दाबाच्या घराला १५ लिटरचा साठवणीचा विजेचा गीझर बरा. ६० अंशांचे १५ लिटर पाणी २० अंशांच्या तेवढ्याच थंड पाण्यात मिसळले की ४० अंशांचे ३० लिटर होते. मिनिटाला सहा लिटर देणारा शॉवर त्यावर पाच मिनिटे चालतो. अर्थिंग मात्र पक्के हवे. तीन किलोवॅटचा छोटा इन्स्टंट गीझर मिनिटाला दोनच लिटर बऱ्यापैकी तापवतो, तो बादलीपुरता ठीक.

आता शॉवर. आठ इंची पसरट शॉवर कमी दाबात शोभेचाच. तीन इंची तबकडी घ्यावी, किंवा हातशॉवर. तो खाली धरला की तेवढे फूट आपोआप दाबात मिळतात. टाकीपासूनचा पाइप पाऊण इंची ठेवावा, वळणे कमी असावीत आणि थंड व गरम दोन्ही पाणी एकाच टाकीतून घ्यावे. पंप लावायचाच तर आपल्या टाकीनंतर लावावा. ग्रामपंचायतीच्या नळाला लावला तर शेजाऱ्याचे पाणी ओढले जाते.

तानसा (१८९२) आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यातली, तरी इथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. असो. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे आणि दहा मिनिटांच्या शॉवरला ६० लागतात. त्यामुळे शॉवरखाली बादलीचा नळ ठेवावाच, आणि सांडपाणी परसातल्या केळीकडे नेणारा पाइप फरशी बसविण्याआधी टाकून घ्यावा.