बुरशीवर जगणारी बुरशी



पावसाळ्यात रानात गेलात की कुजक्या लाकडावरच्या अळंबीकडे जरा नीट बघा. एखादीच्या छत्रीवर कोळिष्टकासारखी पांढरी जाळी पसरलेली असते. एखादीवर आधी पांढरा थर येतो, मग हिरवी भुकटी धरते. आपण म्हणतो, अळंबी सडली. पुष्कळदा प्रकार वेगळा असतो. अळंबी ही स्वतः बुरशीच, आणि तिच्यावर दुसरी बुरशी बसून तिला खात असते. आंब्यावर बांडगूळ असतं ना, तसंच हे.

अशी अळंबी घरी आणू नये. बुरशी चढली की मूळ अळंबीचा रंग-आकार बदलतो, मग ती खाण्याची की विषारी हे जाणत्यालाही सांगता येत नाही. शिजवताना चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे अळंबी चांगली, ही समजूत साफ खोटी आहे. तिच्यावर विसंबू नका.

आता शेताकडे येऊ. ही हिरवी भुकटी धरणारी बुरशी बहुधा ट्रायकोडर्मा जातीची असते आणि ती आपल्या मातीतही राहते. ती दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला वेटोळे घालते, पाचक रस सोडून त्याचे कवच विरघळवते आणि आतला जीवनरस शोषते. वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ साली हे दाखवून दिले.

पेण-रोह्याकडे भातानंतर जमिनीतल्या ओलीवर वाल घेतात. पोपटी लागायच्या आधीच काही रोपे पिवळी पडून माना टाकतात. असे रोप उपटून बघा. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती खोडकूज समजावी. ते दाणे जमिनीत टिकतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा रुजतात. रोप मरू लागल्यावर उपाय फारसा चालत नाही. जे करायचे ते पेरणीपूर्वी.

एक किलो वालाच्या बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा भुकटी, किंचित पाणी शिंपडून, हलक्या हाताने चोळावी. बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. रोग दरवर्षी येत असेल तर एकरी १ किलो भुकटी १०० किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून शेतात पसरावी. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक त्याच बियाण्याला लावू नका. ते आपल्या कामाच्या बुरशीलाही मारते. पुडा घेताना मुदतीची तारीख वाचा. यात जिवंत जीव आहे, मेलेली भुकटी फुकट गेली. पुडा उन्हात ठेवू नये. अडचण आली तर किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

मात्र घरात भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी घेत असाल तर हाच मित्र वैरी होतो! पिशवीत हिरवे डाग दिसले की ती पिशवी न उघडता खोलीबाहेर नेऊन लांब खड्ड्यात पुरा. पेंढा भिजवल्यावर ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवावा, नीट निथळावा. पाणी राहिले की हिरवी बुरशी आलीच. आणि वालाच्या बियाण्याला भुकटी चोळलेल्या हातांनी, त्याच कपड्यांनी, धिंगरीच्या खोलीत पाऊल टाकू नका.