हिवाळ्यात ज्येष्ठांची सहल काढताय? महाबळेश्वर की कोकण, ठरवण्याआधी हे वाचा

बारामती : नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देऊन झाला, की बारामती-इंदापूर तालुक्यांतल्या पारावर एकच विषय निघतो: यंदा कुठं जायचं? निवृत्त गुरुजी, कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार, रोज पहाटे चार-पाच किलोमीटर चालणारी ही मंडळी. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करून झालेलं. आता दोन-तीन दिवस निवांत राहायचं, फिरायचं असतं. पण गावचा गारठा चुकवायला निघून त्याहून जास्त गारठ्यात जाऊन बसायची चूक बरेचदा होते.

थंडीचा त्रास नेमका काय?

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळं रक्तदाब वाढतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांना पहाटेची गार हवा बाधते. गुडघेही आखडतात. म्हणून ठिकाण ठरवताना दुपारचं ऊन बघू नका, पहाटेचा पारा बघा. आपल्याकडं थंडीच्या लाटेत तो १० अंशांच्या आसपास उतरतो.

महाबळेश्वर की कोकण?

महाबळेश्वर जवळ पडतं, पण ते सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या बाजूला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. तरुण पोरांना त्याची मजा, दम्याच्या माणसाला मात्र सजा.

कोकण किनाऱ्यावर उलटं असतं. समुद्राचं पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळं रात्री किनाऱ्याची हवा फार गार होत नाही. रत्नागिरीत जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण १८-१९ अंशांच्या आसपास असतो. स्वेटर बहुतेक वेळ पिशवीतच राहतो.

दापोलीबाबत एक गोष्ट ध्यानात घ्या. गाव किनाऱ्याला नाही, वर पठारावर आहे. म्हणूनच त्याला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात. तिकडं जायचंच तर मुक्काम खाली मुरुड, कर्दे किंवा लाडघरला करा.

चालणाऱ्यांसाठी गणपतीपुळे सोयीचं आहे. मंदिरामागच्या डोंगराला साधारण किलोमीटरभराची प्रदक्षिणा आहे. जवळच मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारक आहे. मात्र इथला समुद्र धोक्याचा आहे. पोहायला उतरलेले अनेक जण आजवर बुडाले आहेत. पाय भिजवा, पुढं जाऊ नका. अंगारकी, नाताळ आणि ३१ डिसेंबरची गर्दी टाळा. मधले वार धरले तर खोलीही सहज मिळते.

तिकिटाचं गणित

एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. महिलांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं तिकीट. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, त्यामुळं गोव्याला जाताना पुढचं भाडं पूर्ण पडतं.

रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. खालचा बर्थ मिळण्याची सोय मात्र आहे: पुरुषांना ६० वर्षांपासून, महिलांना ४५ पासून. पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच हा कोटा लागू होतो. सहा जणांचं एकच तिकीट काढलं, की आजी वरच्या बर्थला गेल्याच म्हणून समजा. दोघादोघांची तिकिटं काढा.

आधी रंगीत तालीम

तीन दिवसांच्या सहलीआधी एक दिवस भिगवणला जाऊन या. उजनीच्या पाणलोटावर कुंभारगाव, डिकसळ भागात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. लोक लांबून बघायला येतात, आपल्याला ते घरच्या अंगणात. कोण किती चालतं, कोणाला गाडी लागते, कोणाला तासाला थांबावं लागतं, हे त्या एका दिवसात कळतं. बोटीत लाईफ जॅकेटशिवाय बसू नका. २१ मे २०२४ ला याच उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला.

निघण्याआधी एवढं करा

- खोली ठरवताना तीन प्रश्न विचारा: तळमजला आहे का, कमोड आहे का, जवळचा दवाखाना किती लांब?
- गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, गाडीच्या टपावरच्या बॅगेत नको. लघवी जास्त होते म्हणून बीपीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, पाणीही तोडू नका.
- साखरेच्या आजारात दर्शनासाठी उपाशी राहू नका.
- ७० वर्षांवरच्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड सोबत घ्या. योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे.
- स्वतंत्र गाडी केली तर दिवस उगवल्यावरच निघा. सध्या कारखाने सुरू आहेत. अंधारात उसाची ट्रॉली समोर येईपर्यंत दिसत नाही. कराडहून कुंभार्ली किंवा मलकापूरवरून आंबा घाट, दोन्ही उजेडात उतरा.

शेवटची गोष्ट मंडळातल्या म्होरक्यांसाठी. बेत सगळ्यात दमदार माणसाच्या चालीनं आखू नका. सगळ्यात हळू चालणाऱ्याला झेपेल असा आखा. सोबत आलेल्या बायकांनाही विचारा. कित्येकींनी आजवर घर आणि रान सोडून मुक्काम केला तो लग्नकार्याला किंवा वारीला. समुद्र बघायचा की डोंगर, हे या वेळी त्यांना ठरवू द्या.