शरीरातून बाहेर पडण्याची वाट

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून कॅडमियम सल्फाइडचे नॅनोकण बनवून घेतल्याचे संशोधन २००२ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास आघारकर संशोधन संस्थेतही यीस्टकडून असेच कण मिळाले. कारखानी रसायनांविना घडलेला कण शरीराला सौम्य असणार, असे अशा संशोधनाबद्दल सहज बोलले जाते. मला हा तर्क लंगडा वाटतो. कॅडमियम यीस्टलाही विषच आहे. गंधकयुक्त पेप्टाइडांनी ते बांधून, सल्फाइडच्या स्फटिकात कोंडून यीस्ट स्वतःचा जीव वाचवते. तोच कण माणसाच्या शिरेत सोडल्यावर ही कोंडी टिकेलच असे नाही. म्हणून औषधासाठी असा कण घडवताना त्याच्या तेजाआधी तो शरीरातून कोणत्या वाटेने आणि किती काळात बाहेर पडेल, हे ठरले पाहिजे.

तेजाचा मोह समजण्यासारखा आहे. द्रवातल्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांचे प्रकाशगुण आकारानुसार बदलतात, हे लुई ब्रुस यांनी १९८३ च्या सुमारास दाखवले. २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण आकारावर रंगाबरोबर कणाची वाटही ठरते. आवरणासकट सुमारे ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून लघवीत उतरतो. मोठा कण बहुधा यकृत आणि प्लीहेत अडकतो. २०१२ साली माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅडमियमचे कण टोचल्यावर ९० दिवस प्राण्यांत विषबाधेची ठळक लक्षणे दिसली नाहीत. हाच दाखला देऊन भीती अनाठायी ठरवता येईल. मात्र त्याच प्रयोगात बहुतेक कॅडमियम यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडांतच उरलेले आढळले. माणसाच्या मूत्रपिंडात हा धातू दहा वर्षांहून अधिक काळ मुरतो. तिथे ९० दिवसांची शांतता अपुरी आहे.

तांब्याच्या सल्फाइडकडे मी आशेने पाहतो ते याचसाठी. अवरक्ताजवळचा प्रकाश शोषून तो तापतो आणि त्या उष्णतेने गाठीतल्या पेशी मारता येतात. सोन्याचे कणही हे काम करतात. पण २०१३ च्या उंदरांवरील तुलनेत तांब्याच्या सल्फाइडचा सुमारे ९० टक्के भाग महिन्याभरात बाहेर पडला, सोन्याचा जेमतेम ४ टक्के. सोने निष्क्रिय आहे, मग राहिले तर बिघडले काय, असे कोणी विचारेल. प्राणघातक कर्करोगात ती तडजोड मान्य करता येईल. निव्वळ तपासणीसाठी आलेल्या माणसाकडून तिची अपेक्षा धरणे मला गैर वाटते. विरघळणाऱ्या तांब्याविषयीचा आक्षेप मात्र खरा आहे. निरोगी यकृत जादा तांबे पित्तावाटे टाकते, विल्सन रोगात ते जमत नाही. अशा रुग्णांना हा उपचार देता येणार नाही. चांदीच्या सल्फाइडचा पेच उलटा. तो इतका अविद्राव्य की चांदी फारशी सुटत नाही, आणि त्याच कारणाने मोठा कण विरघळून निघून जाण्याची आशाही थोडी. तिथे आकार लहान ठेवणे आणि लघवी-विष्ठेतला धातू महिनोन्‌महिने मोजणे, ही कामे कण बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञानेच पहिल्या दिवसापासून आपल्या आराखड्यात घ्यायला हवीत.