कपाटातील स्पिटफायर

युद्धकालीन लढाऊ विमानांच्या ओतीव धातूच्या प्रतिकृती जमविण्याचा छंद खर्चिक खरा, पण निरुपद्रवी मानला जातो. मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढी ती वस्तू. परंतु तिच्या शेपटीवरील क्रमांक वा रंगाची छटा चुकलेली संग्राहकाला खपत नाही. इतका चोखंदळ मनुष्य हे विमान कोणाच्या पैशाने उडाले, हे मात्र क्वचितच विचारतो.

वास्तविक खेळणे आणि वर्गणी यांचे नाते जुने आहे. १९४० साली ब्रिटनमध्ये स्पिटफायर निधी निघाला. पाच हजार पौंड द्यावेत आणि विमानावर आपले नाव घालून घ्यावे, असा तो व्यवहार. मेकॅनो कंपनीने आपल्या ‘डिंकी’ खेळण्यांतील चिमुकले स्पिटफायर या निधीसाठी विकले. हिंदुस्थानचा पैसाही ब्रिटिश हवाई दलाकडे गेलाच. निजामाच्या देणगीमुळे १५२ क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले. तिच्या मानचिन्हावर निजामाचे शिरोभूषण आहे. १९४० मध्ये ही तुकडी इंग्लंडच्या आकाशात लढली. पुढे ब्रह्मदेशात तिच्या स्पिटफायरवर झेपावणारा काळा बिबट्या रंगविलेला असे. ताडोबाच्या शेजाऱ्यांना त्याचे कौतुक वाटावे!

पण सिरोंच्याला प्राणहितेच्या काठी उभे राहावे. समोरचा मुलूख तेव्हा निजामाचा होता, आणि निजामाचे वैभव तेथील रयतेने भरलेल्या साऱ्यावर उभे होते. देणगी देताना त्या रयतेला कोणी विचारले नव्हते.

अलीकडे, इंग्रजी अंमलातील चांदा जिल्ह्यात, त्याच युद्धाच्या धुमाळीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटले. गोळीबारात बालाजी रायपूरकर पडले. संतप्त जमावाने सरकारी अधिकारी मारले. त्यानंतर आलेल्या फौजेने गावातील स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भणसाळींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

याचा अर्थ त्या वैमानिकांचे शौर्य खोटे होते, असा नव्हे. हिटलरचा पराभव व्हायलाच हवा होता. इंफाळच्या लढाईत अर्जनसिंगांसारखे आपले वैमानिकही हरिकेन विमानांतून लढले. परंतु स्वातंत्र्यासाठी लढत असल्याचे सांगणारे सरकारच चिमूरला फौज धाडत होते, हेही तितकेच खरे.

भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आहे, विसापूरनजीक सैनिकी शाळा आहे. विमानांपुढे रेंगाळणारी मुले या भागात पुष्कळ निघतील. त्यांच्यासाठी कोणी असा संग्रह मांडलाच, तर हैदराबादच्या स्पिटफायरशेजारी चिमूरचे एखादे जुने छायाचित्र आणि खाली ती तारीख, एवढी जागा कपाटात ठेवावी.