एकोणतीस अंकांची राशी

आगमग्रंथांत एखादी प्रचंड संख्या आली की कोणी ती अतिशयोक्ती समजून हसतो, तर कोणी हात जोडून पान उलटतो. ती संख्या पडताळून पाहण्याचे मात्र दोघांच्याही मनात येत नाही. अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यसंख्येच्या विवेचनात अशीच एक राशी येते. तिची ओळख तेथे अनेक प्रकारे दिली आहे : ती एकोणतीस स्थाने व्यापते; दोनाच्या पाचव्या वर्गाला सहाव्या वर्गाने गुणले असता ती मिळते; आणि दोनाने ती शहाण्णव वेळा भागता येते. ही वर्णने परस्परांशी जुळतात का?

येथे वर्गाचा पुन्हा वर्ग करीत जायचे आहे. दोनाचा पहिला वर्ग ४, दुसरा १६, मग २५६, ६५,५३६ आणि पाचवा ४,२९,४९,६७,२९६. पहिल्या वर्गात दोन हा गुणक दोनदा येतो, दुसऱ्यात चारदा; याप्रमाणे पाचव्यात ३२ वेळा, सहाव्यात ६४ वेळा. त्यांच्या गुणाकारात तो ९६ वेळा येणारच. दोन वर्णने जुळली.

आता स्थाने मोजू. दहा वेळा दोन घेऊन गुणले की १,०२४ होतात, म्हणजे हजाराहून किंचित अधिक. ९६ मध्ये असे नऊ गट बसतात व सहा दोन उरतात, त्यांचे ६४. म्हणून राशी ६४ वर सत्तावीस शून्ये याहून थोडी मोठी आहे, आणि नऊ गटांतील वाढ धरूनही त्या ६४ चे शंभर होत नाहीत. अंक एकोणतीसच! पूर्ण राशी अशी : ७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६.

तिचे भाजक ९७ आहेत. तिला स्वतःला वगळून उरलेल्या ९६ भाजकांची बेरीज केली, तर ती मूळ राशीपेक्षा केवळ एकाने कमी भरते. दोनाच्या प्रत्येक घाताचा हा गुण आहे. ८ घेऊन पाहा : १, २ आणि ४ मिळून ७.

संख्या किती वेळा निम्मी होते, या मोजणीला दिगंबर परंपरेतील वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत 'अर्धच्छेद' म्हटले आहे. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे गुणकांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियम तेथे आहे. वरचे ३२ आणि ६४ मिळून ९६ हे त्याचेच उदाहरण. नेपियरने १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॉगॅरिथमच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. नेपियरसारखी कोष्टके धवलेत नाहीत, म्हणून दोन्ही एकच असे म्हणू नये. पण गुणाकाराचे काम बेरजेवर आणण्याची दृष्टी तीच आहे. ही धवला डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून आपल्या अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊ लागली.

वाचकहो, घरातील शाळकरी मुलांना ही राशी द्यावी आणि ती निम्मी निम्मी करीत एकापर्यंत यायला सांगावे. शहाण्णव पायऱ्या उतरताना मध्ये कोठे अपूर्णांक आला, तर ग्रंथ दूर ठेवून आधी स्वतःचा भागाकार तपासावा.